गाडी सुरू होताना येणारे वेगळे आवाज: नवख्या चालकांसाठी निदानाची पद्धत

गाडी सुरू करताना नेहमीपेक्षा वेगळा आवाज आला की बहुतेक नवखे चालक गॅरेजमध्ये जाऊन ‘काहीतरी खरखर वाजतंय’ एवढेच सांगतात. मेकॅनिकच्या हाती त्यातून फारसे काही लागत नाही, कारण सेल्फचे झिजलेले दाते, बेल्टच्या पुलीचे बेअरिंग, सायलेन्सरचा सैल पत्रा आणि ब्लोअरमध्ये अडकलेले वाळके पान या सगळ्यांचे वर्णन लोक ‘खरखर’ असेच करतात. आवाज कसा होता यापेक्षा तो नेमका केव्हा आला, याची माहिती निदानाला कितीतरी अधिक उपयोगी पडते. किल्ली फिरवल्यापासून इंजिन स्थिर चालू लागेपर्यंत गाडीचे निरनिराळे भाग ठरलेल्या क्रमाने कामाला लागतात, आणि आवाज त्या क्रमात कुठे येतो हे कळले की संशयित भाग दोन-तीनच उरतात. खाली तपासणीच्या पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत. त्या साध्या, हाताने गिअर बदलण्याच्या पेट्रोल गाडीला धरून आहेत. डिझेल आणि सीएनजीच्या बाबतीत जिथे फरक पडतो तिथे तो सांगितला आहे.

तपासणीची तयारी

तपासणी सकाळच्या पहिल्या स्टार्टला करावी, म्हणजे रात्रभर उभ्या असलेल्या, पूर्ण थंड झालेल्या इंजिनावर. दुपारी दोन-तीन फेऱ्या झाल्यावर गाडी तपासली तर निम्मे आवाज येतच नाहीत. गाडी सपाट आणि मोकळ्या जागी उभी करून हँडब्रेक ओढावा आणि गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा. दार लावलेल्या गॅरेजमध्ये इंजिन कधीही चालू ठेवू नये, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीवघेणा असतो. एसी, ब्लोअर, गाणी आणि दिवे बंद असावेत.

शक्यतो दोघांनी मिळून हे काम करावे: एकाने किल्ली फिरवावी आणि दुसऱ्याने उघड्या बॉनेटच्या बाजूला उभे राहून ऐकावे. उभ्या राहणाऱ्याने ओढणी, पदर, मफलर, सैल बाही आणि मोकळे केस आवरून घ्यावेत. रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो आणि अनेक गाड्यांत तो इंजिन बंद असतानाही अचानक फिरू लागतो, त्यामुळे त्याच्याजवळ हात नेऊ नये. थंडीत आणि पावसाळ्यात मांजरे उबेसाठी इंजिनापाशी येऊन बसतात. म्हणून सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर दोन थापा मारण्याची सवय लावून घ्यावी. मोबाइलवर डॅशबोर्ड दिसेल असे चित्रीकरण करावे, म्हणजे आवाज आणि इशारा-दिवे यांचा मेळ नंतर घालता येतो.

पहिली पायरी: किल्ली ‘ऑन’वर, पण सेल्फ मारायचा नाही

किल्ली ‘ऑन’वर आणल्याबरोबर मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद ‘सूंऽऽ’ असा आवाज येतो. तो टाकीतल्या पेट्रोल पंपाचा असतो. डॅशबोर्डमागून ‘टक’ वाजते तो रिलेचा, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचचा, आवाज. हे दोन्ही आवाज निरोगी गाडीत येतातच, आणि ते कानात बसवून घेतले पाहिजेत, कारण पंपाचा आवाज कधी आलाच नाही तर इंजिन सुरू न होण्याचे कारण तिथेच सापडण्याची शक्यता असते. हा पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असल्यामुळेच थंड राहतो. गाडी सतत रिझर्व्हवर चालवणाऱ्यांचा पंप हळूहळू घोगऱ्या, मोठ्या आवाजात गुरगुरू लागतो. बहुतेक सीएनजी गाड्या थंड इंजिन पेट्रोलवरच सुरू करतात, म्हणून त्यांच्या टाकीतही थोडे पेट्रोल असू द्यावे. अशा गाडीत इंजिन थोडे तापल्यावर येणारी ‘टक’ गॅसच्या व्हॉल्व्हची असते, तिची चिंता नको. डिझेल गाडीत मात्र डॅशबोर्डवरचा कॉइलचा दिवा विझेपर्यंत थांबून मगच सेल्फ मारावा.

याच वेळी तेलाच्या कॅनचे चित्र असलेला लाल दिवा पेटतो की नाही ते पाहावे. तो आत्ता पेटलाच नाही तर तेलाचा दाब खरोखर गेल्यावरही पेटणार नाही, आणि तिसऱ्या पायरीतला सर्वांत महत्त्वाचा पुरावा आपल्याकडे उरणार नाही.

आता ब्लोअर एकदा चालू करून पाहावा. ‘फरफर’ किंवा ‘खडखड’ झाली आणि ब्लोअरचा वेग बदलताच तीही बदलली, तर आवाज इंजिनाचा नव्हेच. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत वाळकी पाने, आणि बरेच दिवस न हललेल्या गाडीत उंदरांनी जमवलेला कापूस-कागद पंख्यात सापडतो.

दुसरी पायरी: सेल्फ मारताना

आवाजांची खरी गर्दी या पायरीवर असते, त्यामुळे सेल्फचे काम कसे चालते ते नीट समजून घ्यावे. किल्ली फिरवली की थोडासा प्रवाह सोलेनॉइडकडे, म्हणजे सेल्फवरच्या विद्युतचुंबकी स्विचकडे, जातो. सोलेनॉइड दोन कामे करतो: बेंडिक्स, म्हणजे सेल्फचे लहान दातेरी चाक, पुढे ढकलून फ्लायव्हीलच्या (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकाच्या) दातेरी रिंगमध्ये अडकवतो, आणि त्याच हालचालीच्या शेवटी तांब्याचे जाड संपर्क जोडून मोटरला शंभर किंवा त्याहून अधिक अँपिअरचा प्रवाह देतो. म्हणजे निरोगी क्रम आधी एक ‘टक’ आणि लगेच ‘घर्रर्र’ असा असतो. यातला कोणता भाग ऐकू आला आणि कोणता आला नाही, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे.

किल्ली फिरवल्यावर ‘कटकटकटकट’ अशी जलद मालिका ऐकू आली तर सोलेनॉइड संपर्क जोडतो आहे, पण जोडताक्षणी बॅटरीचा दाब (व्होल्टेज) कोसळून तो सुटतो आहे, आणि सुटल्यावर दाब वर येताच पुन्हा जोडतो आहे. दोष बॅटरीत किंवा तिच्या जोडण्यांत असतो. सेल्फ मोटरचा यात सहसा संबंध नसतो. ‘घुर्र... घुर्र...’ असे इंजिन जड, ओढल्यासारखे फिरले तरीही आधी बॅटरीकडेच पाहावे. आपल्याकडच्या उष्णतेत बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षे टिकते, आणि तिचा अशक्तपणा डिसेंबरमधल्या गार सकाळी प्रथम जाणवतो, कारण थंडीत बॅटरीची ताकद कमी होते आणि नेमके तेव्हाच घट्ट झालेले ऑइल इंजिनाला जड करते.

साधा मल्टिमीटर घरी असावा असे मी प्रत्येक नव्या चालकाला आवर्जून सांगेन. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर ती पूर्ण भरलेली आहे, १२.२ म्हणजे जवळपास निम्मी, आणि १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. मीटर तसाच लावून ठेवून जोडीदाराला सेल्फ मारायला सांगावे. त्या क्षणी आकडा खाली येणारच, पण तो ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी भार पेलत नाही. मीटर नसेल तर हेडलाइट लावून सेल्फ मारावा: दिवे एकदम विझू विझू झाले तर बॅटरी किंवा तिच्या जोडण्या, आणि दिवे तसेच प्रखर राहून नुसती एक ‘ठक’ आली तर सोलेनॉइडचे जळालेले संपर्क किंवा मोटरमधले झिजलेले कार्बन ब्रश.

मात्र नवी बॅटरी विकत घेण्यापूर्वी आणि सेल्फ मोटर उतरवू देण्यापूर्वी जोडण्या पाहिल्याच पाहिजेत. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवट भुकटी जमली असेल किंवा क्लॅम्प हाताने हलत असेल, तर बॅटरी कितीही चांगली असली तरी प्रवाह पुढे जात नाही. दहाच्या पान्याने आधी ऋण टर्मिनल सोडवावे आणि बसवताना ते सर्वांत शेवटी बसवावे. उलट केले आणि धन टर्मिनल सोडवताना पाना गाडीच्या पत्र्याला लागला, तर मोठी ठिणगी उडते. भुकटी खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने धुऊन, टर्मिनल कोरडे करून घट्ट बसवावे आणि वरून व्हॅसलिनचा पातळ हात द्यावा.

एवढे करूनही लक्षण तसेच राहिले तर अर्थिंगची पट्टी तपासावी. इंजिन रबरी माउंटिंगवर बसवलेले असते, त्यामुळे सेल्फने घेतलेला सगळा प्रवाह बॅटरीकडे परत जाण्यासाठी इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून निघणारी एक जाड तार किंवा विणलेली पट्टी दिलेली असते. तिचा बोल्ट गंजला की चांगली बॅटरी असलेली गाडीही उतरलेल्या बॅटरीसारखी कटकटते. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत राहणाऱ्यांनी ही शंका आधी घ्यावी. मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवून सेल्फ मारायला सांगावे. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंग खराब आहे. बोल्ट सोडवून, पॉलिश पेपरने दोन्ही पृष्ठे चकचकीत करून पुन्हा आवळणे एवढाच त्यावरचा उपाय असतो. ही तपासणी न करता बदललेल्या सेल्फ मोटरचा खर्च अक्षरशः वाया जातो.

मोटर ‘सुंऽऽ’ करून मोकळीच फिरते आणि इंजिन हलत नाही, तेव्हा बेंडिक्स पुढे गेलेले नसते किंवा त्यातला छोटा क्लच (पेडलचा नव्हे) घसरत असतो. ‘खर्रर्र’ असा धातूवर धातू घासल्याचा कर्कश आवाज मात्र बेंडिक्स आणि रिंग यांचे दाते नीट बसत नसल्याचा असतो. हा आवाज कधी येतो, कधी येत नाही, आणि त्यामुळे गॅरेजमध्ये दाखवायला नेल्यावर हमखास गायब होतो. त्याचे कारण असे, की चार सिलिंडरचे इंजिन बंद होताना बहुधा अर्ध्या फेरीच्या अंतरावरच्या दोनच जागांपैकी एका जागी थांबते, त्यामुळे रिंगचे दाते तेवढ्याच भागात झिजतात. खातरजमा करायची असेल तर आवाज आला की किल्ली पूर्ण बंद करून गाडी तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये टाकावी, हँडब्रेक सोडून सपाट जागेवर थोडीशी पुढे ढकलावी, मग हँडब्रेक ओढून न्यूट्रलमध्ये पुन्हा सेल्फ मारावा. आता ती स्वच्छ सुरू झाली तर रिंगचा तो विशिष्ट भाग झिजलेला आहे. रिंग बदलायची तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि मजुरी वाढते. बेंडिक्स त्या मानाने स्वस्त असते, म्हणून कर्कश आवाज पहिल्यांदा येईल तेव्हाच ते पाहून घ्यावे. इंजिन चालू आहे हे लक्षात न येऊन पुन्हा किल्ली फिरवली तरी असाच आवाज येतो, पण तो दोष गाडीचा नव्हे.

पुढील तीन प्रसंगी तपासणी थांबवून हात मागे घ्यावा. किल्ली सोडल्यावरही सेल्फ फिरतच राहिला तर इग्निशन बंद करावे, आणि तरीही तो थांबत नसेल तर बॅटरीचे ऋण टर्मिनल काढावे, नाहीतर तारा तापून जळतात. इंजिन नेहमीपेक्षा हलके, वेगाने आणि कुठलाही चढउतार न ठेवता एकसुरी फिरत राहिले आणि सुरू होत नसेल, तर टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्या हालचालींचा मेळ राखणारा पट्टा) तुटल्याची शंका घ्यावी. अशा वेळी पुन्हा पुन्हा सेल्फ मारल्याने अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. आणि पावसात गाडी साचलेल्या पाण्यात उभी राहिली असेल, तर ‘करून बघू’ म्हणून सेल्फ मारूच नये. हवेच्या नळीतून सिलिंडरमध्ये गेलेले पाणी दाबले जात नाही, ‘ठप्प’ असा एकच आवाज होऊन इंजिन जागच्या जागी अडकते आणि पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. अशी गाडी ओढून न्यावी. प्लग काढून पाणी बाहेर काढण्याचे काम मेकॅनिककडूनच करून घ्यावे.

एरवीही सेल्फ सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये किमान अर्धा मिनिट जाऊ द्यावे. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत अमेरिकी अभियंते चार्ल्स केटरिंग यांनी विजेवरचा स्टार्टर आणला तो याच विचारावर, की मोटर काही क्षणच चालायची असल्यामुळे तिच्यावर झेपेल त्याहून अधिक भार टाकता येतो आणि म्हणून ती आकाराने लहान ठेवता येते. आजची सेल्फ मोटरही तशीच आहे. ती फार वेळ चालवली की तापते.

तिसरी पायरी: इंजिन सुरू झाल्यानंतरचे पहिले काही सेकंद

रात्रभरात ऑइल खाली सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या टाकीत, उतरलेले असते. अनेक इंजिनांत टायमिंग चेन (टायमिंग बेल्टचेच काम करणारी साखळी) ताणून धरणारा भाग ऑइलच्या दाबावर चालतो, त्यामुळे दाब येईपर्यंत चेनची ‘खळखळ’ ऐकू येते. एक-दोन सेकंदांत ती थांबत असेल तर लक्ष ठेवणे पुरे. ती रोज थोडी लांबत चालली, तर पुढच्या तपासण्या कराव्यात: ऑइलची पातळी, ऑइलची प्रत आणि ऑइल फिल्टर. फिल्टरमध्ये ऑइल मागे उतरू न देणारी एक रबरी पडदी असते. हलक्या प्रतीच्या फिल्टरमध्ये ती लवकर कडक होते आणि दर सकाळी खळखळ वाढते. पातळी पाहण्यासाठी इंजिन बंद करून काही मिनिटे थांबावे, डिपस्टिक पुसून पुन्हा पूर्ण आत घालावी आणि ऑइल दोन खुणांच्या मध्ये आहे ना ते पाहावे. मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० या जाडीचे ऑइल लिहिले असेल तर तेच घालावे. ‘गाडी जुनी झाली, आता जाड ऑइल टाका’ हा सल्ला मला पटत नाही, कारण जाड ऑइल थंड इंजिनात वर पोचायला अधिक वेळ घेते आणि ज्या आवाजासाठी ते घातले तोच त्याने वाढू शकतो.

वरच्या बाजूने येणारी बारीक, जलद ‘टिकटिक’ टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची, असते आणि तीही बहुधा ऑइलशी निगडित असते. खोलवरून येणारी, जड ‘ठक-ठक’, जी ॲक्सिलरेटर दाबला की वाढते, ती मात्र बेअरिंगची असू शकते. तेलाचा लाल दिवा इंजिन सुरू झाल्यावर काही सेकंदांत विझला पाहिजे. तो विझला नाही आणि सोबत ठोके येत असतील, तर इंजिन तत्काळ बंद करावे. ‘गॅरेज जवळच आहे, हळूहळू नेऊ’ असे म्हणून त्या अवस्थेत गाडी चालवली तर किरकोळ दुरुस्तीचे काम इंजिन उतरवण्यापर्यंत जाते.

याच क्षणी येणारी ‘चींऽऽ’ अशी किंचाळी बेल्टची असते. सेल्फने बॅटरीतून काढलेला प्रवाह भरून देण्यासाठी अल्टरनेटर, म्हणजे आपले मेकॅनिक ज्याला डायनॅमो म्हणतात तो, सुरुवातीला जास्त भार घेतो. सैल, गुळगुळीत झालेला किंवा पावसाने ओला झालेला बेल्ट तेव्हा पुलीवर घसरतो. तपासणी सोपी आहे. इंजिन चालू असताना, हात लांब ठेवून, स्प्रेच्या बाटलीने बेल्टच्या खाचांच्या बाजूवर थोडे साधे पाणी मारावे. आवाज वाढला तर ताण कमी आहे. आवाज क्षणभर बंद होऊन पुन्हा आला तर पुली एका रेषेत नाहीत. बेल्टवर मारायचे चिकट स्प्रे मिळतात, ते घेऊ नयेत. ते आवाज झाकतात आणि धूळ धरतात. मग इंजिन बंद करून, किल्ली काढून बेल्ट पिळून पाहावा: भेगा किंवा तुटलेल्या धारा दिसल्या तर बदलावा. पाणी मारूनही न बदलणारी अखंड ‘घूंऽऽ’ मात्र टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली), अल्टरनेटर किंवा पाण्याच्या पंपाच्या बेअरिंगची असते.

चौथी पायरी: पहिली पाच मिनिटे

थंड इंजिन सुरुवातीला मुद्दाम जास्त फेऱ्यांवर (आरपीएमवर) चालते आणि तापू लागले की खाली येते. हा वाढलेला आवाज दोष नव्हे. थंड डिझेलची टणटणही काही प्रमाणात स्वाभाविक असते. सायलेन्सरच्या सुरुवातीच्या जोडातून गळती असेल तर ‘फट्-फट्’ किंवा टिकटिक येते आणि धातू तापून प्रसरण पावला की कमी होते. केबिनमध्ये धुराचा वास येत असेल तर या गळतीकडे मुळीच दुर्लक्ष करू नये. बोथट ‘टप-टप’ येऊन इंजिन तापल्यावर पूर्ण जात असेल तर पिस्टन सिलिंडरमध्ये किंचित सैल आहे. अशी गाडी पुष्कळदा वर्षानुवर्षे चालते. ठराविक फेऱ्यांनाच येणारी पत्र्याची ‘झर्रर्र’ सायलेन्सरची उष्णता अडवणाऱ्या पत्र्याच्या सुटलेल्या बोल्टची असते, आणि एका क्लॅम्पने ती थांबते.

क्लचची परीक्षा याच वेळी करावी. न्यूट्रलमध्ये पेडल हळूहळू दाबावे. दाबल्यावर आवाज येतो आणि सोडल्यावर जातो, तर क्लचचे रिलीज बेअरिंग. पेडल सोडलेले असताना येतो आणि दाबल्यावर जातो, तर गिअरबॉक्सच्या आतले बेअरिंग. त्यानंतर एसी चालू-बंद करून, हेडलाइट लावून आणि स्टीअरिंग थोडे फिरवून आवाजात कशाने फरक पडतो ते पाहावे. जागा नक्की करायची असेल तर लांब पेचकसाचे टोक फिरत नसलेल्या भागावर टेकवून मूठ कानाजवळच्या हाडाला लावावी. डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपसारखा तो आतला आवाज कानापर्यंत आणतो. बेल्ट, पंखा आणि तापलेला सायलेन्सर यांच्यापासून पेचकस दूर असावा.

गॅरेजला सांगताना

एका कागदावर लिहावे: आवाज कोणत्या पायरीवर येतो, किती सेकंद टिकतो, फक्त थंड इंजिनावर येतो की तापल्यावरही, फेऱ्यांबरोबर वाढतो का, क्लच किंवा एसीने बदलतो का, कोणते दिवे पेटलेले होते, ऑइल शेवटचे केव्हा बदलले, आणि मीटरवर कोणते आकडे आले. स्वतःचे निदान शेवटी सांगावे, सुरुवातीला नको. ‘सेल्फ बदला’ असे म्हणत गेलेल्या ग्राहकाला पुष्कळदा सेल्फच बदलून मिळतो. आवाज फक्त पहिल्या स्टार्टलाच येत असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी गॅरेजमध्ये नेऊन ठेवावी, ‘सकाळी मी येईपर्यंत सुरू करू नका’ असे सांगून यावे आणि सकाळी मेकॅनिक शेजारी उभा असताना किल्ली स्वतः फिरवावी. भाग बदलावा लागला तर जुना भाग मागून घ्यावा आणि झिजलेला दाता, जळालेला संपर्क किंवा खडबडीत झालेले बेअरिंग प्रत्यक्ष पाहून मगच पैसे द्यावेत.